संप कसा संपणार, ते आधी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुंबईतल्या एका अनुदानित कॉलेजात तुम्ही सहायक प्राध्यापक आहात, प्रोबेशन संपायला सात महिने आहेत आणि संघटनेनं परीक्षेच्या कामावर बहिष्काराची हाक दिली आहे. प्राचार्य म्हणतात, "विचार करून काय ते ठरवा." घरी आई म्हणते, कायम होईपर्यंत खाली मान घालून काम कर. आणि तुम्ही कुठंतरी वाचलंय की नायजेरियात प्राध्यापक आठ महिने संपावर होते आणि हात हलवत परत आले. तर प्राध्यापकांनी संप करावा का, आणि तुम्ही त्यात उतरावं का?

मी उपनगरातल्या एका कॉलेजात ३१ वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. त्यातली १४ वर्षं संघटनेच्या कॉलेज युनिटचा सचिव होतो, म्हणजे वर्गणी गोळा करणं, परिपत्रकं वाटणं आणि शिव्या खाणं. 'संप करावा का' या प्रश्नाचा मला कधी फारसा उपयोग झाला नाही. दोन्ही बाजूंनी भाषणं होतात आणि चहा गार होतो. मी विचारायचो ते वेगळं: या संपाची झळ नेमकी कोणाला बसणार आहे, आणि संप मिटेल त्या दिवशी आपल्या हातात कोणता कागद असेल?

आधी झळीबद्दल. आमच्या पिढीला संप म्हटलं की गिरण्याच आठवतात. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. माझे काका त्यांतलेच, परळच्या चाळीत राहणारे. संपामागचा हिशेब सरळ होता: साचा थांबला की कापड थांबतं, कापड थांबलं की मालकाचा पैसा थांबतो. पुढे तो हिशेबही चुकला, कारण कित्येक मालकांना गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन प्यारी होती. पण मालकाचं नुकसान होईल हे गृहीत तरी धरता येत होतं. आपल्याकडे तेवढंही नाही. कॉलेज बंद राहिलं तर सरकारचा एक रुपया बुडत नाही, उलट पगार कापला की तेवढा वाचतो. संस्थेची फी जूनमध्येच जमा झालेली असते. नायजेरियात तर सरकारची तिजोरी तेलावर चालते, विद्यापीठं बंद असली काय आणि चालू असली काय. पहिली झळ बसते ती विद्यार्थ्याला, दुसरी आपल्याला, आणि मंत्रालयात ती पोचलीच तर वर्तमानपत्रामार्फत पोचते.

म्हणूनच आपल्या संघटनांचा हात नेहमी परीक्षेवर जातो. याला इतिहास आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली कलकत्ता आणि मद्रासच्या बरोबरीनं निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. नायजेरियातलं इबादान १९४८ साली लंडन विद्यापीठाचं कॉलेज म्हणूनच सुरू झालं, आणि युगांडाचं मकेरेरेही काही वर्षं लंडनच्या पदव्यांसाठी मुलं तयार करत होतं. साहेब गेला, पण पदवीचा शिक्का आणि पगाराची तिजोरी दोन्ही सरकारच्या हातात राहिली. महिनाभर वर्ग झाले नाहीत तर कोणी विचारत नाही. निकाल आठ दिवस लांबला की बातमी होते. २०१७ मध्ये संपबिंप काही नव्हता, नुसत्या संगणकावर पेपर तपासायच्या नव्या पद्धतीत मुंबईचे निकाल अडकले, तर कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. नस कुठं आहे ते यावरून कळावं.

नस दाबली की काय होतं, ते मी २०१३ ला पाहिलं. एमफुक्टोच्या (राज्यातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघाच्या) हाकेवर राज्यभरातल्या प्राध्यापकांनी ४ फेब्रुवारीपासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. मुख्य मागण्या दोन. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी, आणि १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेल्या नेट-सेट (प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा) नसलेल्या प्राध्यापकांच्या सेवा नियमित करणं. थकबाकीचं दुखणं आपल्या रचनेतलंच आहे. वेतनश्रेणी ठरवते यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग), सुरुवातीच्या काही वर्षांच्या वाढीव खर्चातले ८० टक्के केंद्र देणार, उरलेलं राज्यानं घालायचं, आणि केंद्र म्हणतं आधी तुम्ही वाटा, मग आम्ही देतो. सातव्या आयोगाला तर केंद्रानं आपला वाटा ५० टक्क्यांवर आणला. दिल्ली मंत्रालयाकडे बोट दाखवते, मंत्रालय दिल्लीकडे, आणि सहसंचालक कार्यालयातला कारकून म्हणतो, "वरून आलं की देतो." नायजेरियातही केंद्र सरकार, विद्यापीठांच्या कौन्सिल आणि पगाराची संगणक प्रणाली यांच्यात प्राध्यापक असाच फिरत असतो.

आमच्या कॉलेजात त्या मार्च-एप्रिलमध्ये उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जिमखान्याच्या खोलीत येऊन पडले. सुतळी, लाखेचं सील, वर विषयाचा कोड, आणि शेजारी कॅरमचे बोर्ड. खोलीला कुलूप, बाहेर स्टुलावर शिपाई. मी रोज त्या दारावरून वर्गावर जायचो, कारण बहिष्कार परीक्षेच्या कामावर होता, शिकवण्यावर नव्हता. स्टेशनबाहेर मी ज्यांच्याकडून भाजी घ्यायचो त्या मावशींची मुलगी आमच्याच टीवायबीकॉमला होती. एप्रिलमध्ये एकदा त्या म्हणाल्या, "सर, पोरीला नोकरीचं बोलावणं आलंय, मार्कशीट कधी मिळंल?" मी थकबाकी, केंद्र, राज्य असं काहीतरी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, भाजी दिली, पैसे मोजून घेतले. नेहमी न मागता टाकायच्या ती कढीपत्त्याची काडी मात्र त्या दिवशी टाकली नाही. युनिटच्या सभेत मी हे सांगितलं तर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "भावनेच्या भरात जाऊ नका." मला वाटतं आम्ही उलट चुकलो. पालकांसाठी एक साधं पानभर मराठी पत्रक काढायला आम्हाला दोन महिने लागले.

उच्च न्यायालयानं लक्ष घातल्यावर १० मे रोजी बहिष्कार मागे घेतला गेला. पेपर तपासले, निकाल लावले. आता तो कागद बघा. नेट-सेटग्रस्तांचा जीआर (सरकारचा लेखी आदेश) निघाला २७ जून २०१३ ला. सेवा नियमित केल्या, पण कधीपासून? जीआरच्या तारखेपासून. म्हणजे १९९३ ला लागलेला माणूस कागदोपत्री २०१३ ला लागला. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तीन महिन्यांच्या लढ्याचं फळ एका तारखेनं अर्धं केलं आणि पुढची कैक वर्षं लोक त्या तारखेसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. शिवाय बहिष्काराच्या काळातल्या ७१ दिवसांचा पगार सरकारनं अडवला. आम्ही म्हणत होतो की शिकवलं होतं, नुसते पेपर तपासले नव्हते. तो ७१ दिवसांचा पगार २५ सप्टेंबर २०१८ ला सुरू झालेल्या बेमुदत संपाच्या मागण्यांच्या यादीतही होता. पाच वर्षांनी!

आता तुमच्या नायजेरियाकडे येतो. तिथल्या विद्यापीठ शिक्षकांच्या संघटनेला सगळे 'आसू' म्हणतात. मराठी कानाला नाव उगाच रडकं वाटतं, पण संघटना चिवट आहे. १९७८ ची स्थापना. लष्करी सरकारनं १९८८ ला तिच्यावर बंदी घातली, ती उठली, १९९२ च्या संपात पुन्हा घातली. तेव्हाचे अध्यक्ष अट्टाहिरू जेगा, हे पुढे देशाचे निवडणूक आयोग प्रमुख झाले. त्या १९९२ च्या संपातून सरकारशी जो करार झाला, त्याच्या पाठोपाठ १९९३ ला शिक्षण कराचा कायदा आला: कंपन्यांच्या करपात्र नफ्यावर २ टक्के, आणि तो पैसा शिक्षणासाठी. सरकारं बदलली, हुकूमशहा गेले, कर तीसहून जास्त वर्षं टिकला. आज तिथल्या सरकारी विद्यापीठांत ज्या इमारती आणि प्रयोगशाळा दिसतात त्यांतल्या कितीतरी त्या निधीच्या आहेत.

याउलट २००९ चा करार. त्यात पगार होते, विद्यापीठांना निधी होता, स्वायत्तता होती, सगळं होतं. नव्हती ती फक्त पैशाची हमी. सरकारनं सही केली आणि पाळला नाही. त्यानंतरचे मोठे संप, २०१३ चा, २०२० चा नऊ महिन्यांचा आणि तुम्ही वाचलेला १४ फेब्रुवारी ते १४ ऑक्टोबर २०२२ चा, बऱ्याच अंशी त्या एकाच कागदाची वसुली करायला निघाले होते. शेवटी कोर्टानं कामावर जायला सांगितलं. परत गेले तर त्या ऑक्टोबरचा पगार दिवस मोजून अर्धाच हातात पडला. त्याच महिन्यात सरकारनं दोन नव्या प्रतिस्पर्धी संघटनांना मान्यता दिली. अडवलेल्या आठ महिन्यांपैकी चार महिन्यांचा पगार सोडायला नव्या राष्ट्राध्यक्षांनी मंजुरी दिली ती २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये. आपले ७१ दिवस आठवले ना?

तेव्हा 'हात हलवत आले' हे अर्धं खरं. तीच संघटना, तोच देश, एका संपाच्या मागे कायदा राहिला आणि दुसऱ्याच्या मागे थकबाकी. संप किती दिवस चालला यावर ते ठरलं नाही. खर्चाचं कलम कुठं लिहिलं गेलं यावर ठरलं.

माझ्या अनुभवातून निघालेला एक ढोबळ आडाखा सांगतो, पटतो का बघा. 'रद्द करा' ही मागणी 'द्या' या मागणीपेक्षा लवकर पदरात पडते. दिल्ली विद्यापीठात ऑगस्ट २०१९ च्या एका पत्रामुळे हजारो ॲडहॉक (हंगामी नेमणुकीच्या) शिक्षकांच्या जागी गेस्ट (तासागणिक पैसे मिळणारे) शिक्षक यायची वेळ आली होती. डिसेंबरमध्ये शिक्षकांनी परीक्षेचं काम थांबवून कुलगुरू कार्यालयाला घेराव घातला, आणि काही दिवसांत केंद्रीय मंत्रालयानं माघार घेतली. बांगलादेशात १ जुलै २०२४ पासून विद्यापीठ शिक्षक नव्या 'प्रत्यय' पेन्शन योजनेविरुद्ध संपावर गेले, ऑगस्टच्या सुरुवातीला सरकारनं त्यांना योजनेतून वगळलं. (तेव्हा आरक्षणाच्या आंदोलनानं सरकारचंच आसन डळमळत होतं, त्यामुळे सगळं श्रेय शिक्षकांना देता येणार नाही.) पत्र मागे घ्यायला पैसा लागत नाही. उलट श्रीलंकेच्या प्राध्यापकांनी २०१२ मध्ये साधारण शंभर दिवस संप केला तो शिक्षणावर जीडीपीच्या ६ टक्के खर्च करा म्हणून. आपल्या कोठारी आयोगानं १९६६ साली मागितलेला आकडा तोच! मागणी सोन्यासारखी, पण तिची पावती फाडणार कोण? तरी लोकांनी त्यांना साथ दिली, कारण ते स्वतःच्या पगारापुरतं बोलत नव्हते. पगाराच्या मागणीला रस्त्यावर टाळ्या मिळत नाहीत आणि टाळ्यांच्या मागणीला जीआर मिळत नाही, असा हा पेच आहे, आणि तो पूर्ण सुटलेला मी कुठं पाहिला नाही.

कायद्याचं थोडक्यात. संघटना करण्याचा हक्क घटनेत आहे, संपाचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६१ लाच बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सांगितलं. १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लायच्या निकालानं शिक्षणसंस्था 'उद्योग' ठरल्या, पण १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की शिक्षक 'कामगार' नाहीत. म्हणजे कारखाना आहे, पण त्यात काम करणारे आपण कामगार नाही. गंमत वाटते, पण परिणाम खरा आहे: कामगार न्यायालयाचं दार आपल्याला उघडत नाही, आपल्याला विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय. २००३ च्या रंगराजन निकालात सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा नैतिक हक्कसुद्धा नाही असं म्हटलं आहे, आणि राज्याकडे मेस्मा (अत्यावश्यक सेवांतले संप रोखायचा कायदा) आहेच. परीक्षेचं काम विद्यापीठ कायद्यात बंधनकारक आहे. 'काम नाही तर दाम नाही' हेही १९९० पासून पक्कं. हे वाचून घाबरू नका. यातलं काय आणि किती वापरायचं हे सरकार वातावरण पाहून ठरवतं. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी लाखो कर्मचारी बाहेर पडले, तेव्हा सरकारनं एकीकडे मेस्मा आणला आणि दुसरीकडे चर्चाही केली. १४ तारखेला सुरू झालेला संप २० तारखेला मिटला. पण तुमच्या प्रोबेशनचं काय होईल ते मी इथं बसून सांगू शकत नाही. ते तुमच्या नेमणूकपत्रावर, विद्यापीठाची मान्यता आली आहे की नाही यावर आणि खरं सांगायचं तर संस्थेच्या सचिवाच्या स्वभावावर अवलंबून आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, ती मीच काढतो. तासिका तत्त्वावरचे लोक. २०१८ च्या संपात आमच्या स्टाफरूममधली एक सीएचबी (म्हणजे तासिका तत्त्वावरची) शिक्षिका मला म्हणाली, "सर, तुमचा पगार उशिरा येईल. माझा येणारच नाही." तिचे दिवसाला तीन तास, दोन कॉलेजांत मिळून, मध्ये लोकलनं धावपळ. तास झाला तर पैसे, नाही तर नाही. यूजीसीनं २०१९ मध्ये एका व्याख्यानाला १५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं ठरवलं, ते किती कॉलेजांत मिळतं ते तुम्हाला माहीत आहे. रिकाम्या जागा भरा ही मागणी तिच्यासाठी होती, आणि त्या मागणीची किंमतही तीच मोजणार होती. आम्ही कायम असलेल्यांनी प्रत्येकी पाचशे रुपये काढून चार जणींचे बुडालेले तास भरून दिले. दोघांनी दिले नाहीत, एकानं हजार दिले. ही काही फार मोठी गोष्ट नव्हती, पण पुढच्या सभेला त्या चौघी पहिल्या रांगेत होत्या. तुमच्या युनिटनं याचा विचार केलाय का, हे जरूर विचारा. केला नसेल तर हा संप फक्त कायम लोकांचा आहे, आणि तुम्ही अजून पूर्ण कायम नाही.

आता तुम्ही. दोन टोकं टाळा. झेंडा घेऊन पुढे उभं राहायची तुम्हाला आत्ता गरज नाही, आणि युनिटमधल्या कुणीही समजूतदार माणसानं प्रोबेशनवरच्या माणसाला तसं सांगू नये. आमच्या युनिटमध्ये अलिखित नियम होता: प्रोबेशनवाल्यांनी वर्गणी भरायची, सभेला यायचं, सह्यांच्या निवेदनावर सही करायची, पण नोटिशीला उत्तर देणाऱ्या पहिल्या पाचांत त्यांचं नाव नाही. त्याच वेळी गुपचूप जाऊन पेपर तपासून यायचं, हेही करू नका. ते लपत नाही, आणि ज्या स्टाफरूममध्ये तुम्हाला अजून तीस वर्षं डबा खायचा आहे तिथं ते विसरलं जात नाही. बहिष्कारात राहायचं ठरलं तर तोंडी 'नाही' म्हणू नका. "संघटनेच्या अमुक तारखेच्या निर्णयानुसार" असं एका ओळीचं पत्र द्या आणि पोच घ्या.

आणि सभेत उभं राहून एक विचारा, आवाज न चढवता: मंत्री 'करतो' म्हणाले तर आपण संप मागे घेणार का? १४ वर्षांत मी 'करतो' हा शब्द इतक्या वेळा ऐकलाय की त्याचे प्रकार मला ओळखता येतात. जीआरच्या मसुद्यात 'वित्त विभागाच्या मान्यतेच्या अधीन राहून' अशी ओळ असेल तर ते आश्वासन आहे, जीआर नाही. तारीख कोणती, पैसा कोणत्या लेखाशीर्षातून (म्हणजे बजेटमधल्या कोणत्या खात्यातून), संपकाळ कसा धरणार, हे तिन्ही लिहून आलं असेल तरच टाळ्या वाजवा. नेत्यांना हा प्रश्न आवडणार नाही. जो नेता त्यावर चिडेल त्याच्यापेक्षा जो थांबून विचार करेल त्याच्या मागे जा.

आईंना सांगा की त्यांचं म्हणणं चूक नाही. माझ्या आईचंही तेच होतं, काकांचा संप तिनं पाहिला होता.

उद्यापासून एक काम करा. दोनशे पानी वही घ्या. रोजची तारीख, कोणता वर्ग, कितवा तास, काय शिकवलं, किती मुलं होती, आणि मस्टरवर सही केलीत की नाही. मस्टर उचलून आत ठेवलं असेल तर तेही लिहा, वेळेसकट, आणि शेजारी एका सहकाऱ्याची सही घ्या. माझी २०१३ ची वही अजून माळ्यावर आहे. पगाराच्या वादात मी वर्गावर होतो हे दाखवायची वेळ आली, तेव्हा कॉलेजचं मस्टर सापडत नव्हतं. वही सापडली.